पहिली ते चौथीच्या मुलांची मूलभूत कारक कौशल्यं कशी तपासायची? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्यातल्या प्राथमिक शाळांच्या शिक्षक बैठकांत आणि पालकसभांत हेच प्रश्न फिरून फिरून येतात. पीटीच्या सरांपेक्षा वर्गशिक्षिका जास्त विचारतात, कारण पहिली-दुसरीचा शारीरिक शिक्षणाचा तास बहुतेक ठिकाणी त्यांच्याच गळ्यात असतो. काही उत्तरं लांबली आहेत, काही एका ओळीत संपली आहेत.

मूलभूत कारक कौशल्यं म्हणजे नक्की काय?

पुढे कुठलाही खेळ खेळायचा झाला तर ज्यांच्यावाचून अडतं अशा हालचाली. ढोबळमानाने तीन गट पडतात. जागा बदलण्याच्या हालचाली: धावणं, लंगडी, दोन्ही पायांनी लांब उडी, बाजूला सरकत जाणं, एकच पाय सतत पुढे ठेवून घोड्यासारखं दौडणं. वस्तू हाताळण्याच्या: फेकणं, झेलणं, टप्पे मारणं, पायाने चेंडू मारणं, बॅटने टोलवणं. आणि तोल सांभाळण्याच्या: एका पायावर उभं राहणं, रेषेवरून चालणं, अंग वळवणं, उडीनंतर न पडता थांबणं. पेन्सिल धरणं, बटण लावणं हे सूक्ष्म कारक कौशल्य झालं. त्याबद्दल इथे लिहिलेलं नाही.

ही कौशल्यं वयानुसार आपोआप येतात ना? मग तपासायची कशाला?

चालणं येतं, धावणंही बहुतेकांना येतं. खांद्यावरून चेंडू फेकणं किंवा नुसत्या हातांनी झेलणं मात्र कुणी दाखवल्याशिवाय आणि भरपूर सराव झाल्याशिवाय पक्कं होत नाही. चाळीतल्या, वाड्यातल्या मुलांना तो सराव संध्याकाळी गल्लीत मिळायचा. आता गल्लीत दुचाक्या लावलेल्या असतात आणि सोसायटीत ‘येथे चेंडू खेळू नये’ अशी पाटी असते. त्यामुळे आठ वर्षांचं मूल तीन वर्षांच्या मुलासारखं फेकतं तेव्हा दोष मुलाचा नसतो, त्याला सरावच मिळालेला नसतो. तपासणीतून कळायला हवं ते हेच, की कुणाला कशाचा सराव मिळालेला नाही.

यात एक दुष्टचक्रही आहे. ज्याला झेल जमत नाही त्याला संघात शेवटी घेतात, सीमेवर उभं करतात, तिथे चेंडू येत नाही, सराव आणखी कमी होतो आणि पाचवी-सहावीत ‘मला खेळ आवडत नाही’ हे वाक्य तयार होतं. कारक कौशल्य आणि खेळण्याची आवड एकमेकांना धरून वाढतात, हे या क्षेत्रातले अभ्यासक बरीच वर्षं सांगत आले आहेत.

धावायला लावलं, वेळ मोजली, उडीचं अंतर मोजलं. मूल्यमापन झालं नाही का?

ती क्षमतेची मोजणी झाली. या वयात ती बऱ्याचदा फसवी ठरते. पहिलीच्या एकाच वर्गात जवळजवळ वर्षभराचं अंतर असलेली मुलं बसतात, आणि सहाव्या वर्षी एक वर्ष म्हणजे पुष्कळ. उंच, दणकट मूल चुकीच्या पद्धतीनेही लांब फेकतं. लहानखुरी मुलगी अगदी नीट फेकते, पण चेंडू अर्ध्यावर पडतो. टेप फक्त अंतर सांगते. पुढच्या तासाला कुणाला काय शिकवायचं हे कळायला मूल ती हालचाल *कसं* करतं तेच बघावं लागतं.

अंतर, वेळ मोजूच नका असं म्हणणं नाही. चौथीनंतर त्याला अर्थ येतो आणि मुलांनाही आकडे आवडतात. पण पहिली-दुसरीत आधी रीत बघा.

कसं करतं ते बघा म्हणता, पण बघायचं नेमकं कुठे?

प्रत्येक कौशल्यात दोन-तीन खुणा अशा असतात की त्या दिसल्या म्हणजे बाकीचं बरंचसं जागेवर असतं. फेकण्यापासून सुरुवात करू, कारण पुण्यातल्या वर्गांत सगळ्यात जास्त फरक तिथेच दिसतो.

मुलाच्या फेकणाऱ्या हाताच्या बाजूला, तीन-चार मीटर लांब उभे राहा. चेंडूकडे बघू नका, पायांकडे बघा. उजव्या हाताने फेकणाऱ्याचा डावा पाय पुढे पडतो का? न शिकलेलं मूल दोन्ही पाय जमिनीत रोवून, छाती समोर ठेवून, नुसत्या कोपरातून चेंडू ढकलतं. थोडं पुढे गेलेलं मूल पाऊल टाकतं, पण ज्या हाताने फेकतं त्याच बाजूचं. उजवा हात, उजवा पाय. हा टप्पा चुकीचा वाटला तरी वाटेतला आहे, त्यावर रागावू नका. त्यानंतर विरुद्ध पाय येतो, मग कंबर आणि खांदा वळायला लागतात, आणि शेवटी चेंडू सुटल्यावर हात अंगावरून पलीकडे खाली जातो.

इथे एक गोम आहे. ‘समोरच्या टोपलीत टाक’ म्हटलं की पक्क्या फेकणाऱ्याचंही पाऊल गायब होतं, कारण नेम धरायला मूल सावध होतं. रीत बघायची असेल तर ‘भिंतीवर जमेल तेवढ्या जोरात मार’ म्हणा. भिंतीपासून २० फूट पुरेत आणि टेनिसचा चेंडू चालतो.

झेलताना चेहऱ्याकडे बघा. चेंडू येताना मूल मान फिरवतं का, डोळे मिटतं का? दोन्ही हात ताठ पुढे धरून चेंडू छातीवर आपटू देतं आणि मग मिठीत धरतं का? नुसत्या तळव्यांत, कोपर मऊ ठेवून पकडतं का? १५ फुटांवरून, खालून, अलगद फेकायचं. पहिलीला चार इंची प्लास्टिकचा किंवा स्पंजचा चेंडू घ्या. लेदरच्या चेंडूने सहा वर्षांच्या मुलाचा झेल तपासायचा म्हणजे झेल तपासायचा नसून भीती तपासायची आहे.

लांब उडीत दोन गोष्टी: उडीआधी गुडघे वाकून हात मागे जातात का, आणि दोन्ही पाय एकदम उचलून एकदम टेकतात का. धावण्यात समोरून बघा, हात छातीसमोर आडवे जातात की सरळ पुढेमागे. मग बाजूने बघा, पाऊल सपाट आपटतं का.

पहिलीतल्या मुलाला काय काय यायला हवं?

एका पायावर काही लंगड्या साधारण चौथ्या-पाचव्या वर्षी जमू लागतात, म्हणजे पहिलीत त्या असायला हरकत नाही. पाऊल-लंगडी, पाऊल-लंगडी असं पाय बदलत उडत जाणं पाचव्या-सहाव्या वर्षाच्या आसपास येतं, काहींना थोडं उशिरा. मोठा चेंडू बहुतेक वेळा झेलणं पहिलीत जमतं, लहान चेंडू नुसत्या हातांत धरायला दुसरी-तिसरी उजाडते. पक्क्या रीतीने फेकणं सातव्या वर्षापर्यंत येऊ *शकतं*, पण चौथीतल्या कितीतरी मुलांत ते दिसत नाही. वयाचा तक्ता भिंतीवर लावून मुलांना त्याच्यापुढे उभं करू नका, एवढीच विनंती.

वर्गात ४५ मुलं, तास ३५ मिनिटांचा. हे जमणार कसं?

सगळी कौशल्यं एका दिवसात उरकायला गेलात तर जमणारच नाही. एका आठवड्याला एकच कौशल्य घ्या.

मुलांचे चार गट करा, हजेरी क्रमांकाप्रमाणे. तीन गटांना आपापलं चालेल असं काम द्या: दोरीवरच्या उड्या, लिंबू-चमचा, फक्कीने आखलेल्या रेषेवरून चालणं. चौथा गट भिंतीशी तुमच्याजवळ. प्रत्येकाने तीन वेळा फेकायचं. पहिलं सरावाचं, पुढची दोन बघायची. अकरा-बारा मुलं, प्रत्येकाला जेमतेम अर्धा-पाऊण मिनिट, आठ-दहा मिनिटांत गट होतो. एका तासात दोन गट, दोन तासांत वर्ग. मग दुसऱ्या आठवड्यात झेल.

कागदावर फक्त क्रमांक आणि दोन रकाने ठेवा. फेकण्यासाठी ‘विरुद्ध पाय’ आणि ‘अंग वळतं’. दिसलं तर बरोबरची खूण, नाही तर रकाना कोरा. दोन्ही प्रयत्नांत दिसलं तरच खूण करा. शंका आली तर कोरा ठेवा आणि पुढे चला. तिथेच थांबून मुलाला शिकवायला लागलात तर तास गेला, आणि पुढच्या मुलाने ऐकून घेतल्यामुळे त्याचंही खरं चित्र दिसत नाही. शिकवणं परवाच्या तासाला.

करून मात्र आधी दाखवा. ‘खांद्यावरून फेक’ हे शब्दांत सांगितलेलं कळलं नाही म्हणून मूल चुकलं, तर ती कारक कौशल्याची तपासणी झाली नाही. एकदा दाखवायचं, बोलणं कमी ठेवायचं.

आमच्या शाळेला मैदान नाही. दोन इमारतींच्या मधली फरशी आहे.

पेठांतल्या बऱ्याच शाळांची हीच गत. शिक्षण हक्क कायद्याच्या निकषांत खेळाचं मैदान आहे, पण निकष वाचून मैदान उगवत नाही. फरशीवर झेल, टप्पे, एका पायावर उभं राहणं, बाजूला सरकणं आणि लंगडी होते. लांब उडी मात्र फरशीवर घेऊ नका. सतरंजीही घसरते, रबरी मॅट हवी. धावण्यासाठी पंधरा-वीस मीटर सरळ पट्टा लागतो. शनिवारची सकाळ आणि जवळचं एखादं उद्यान हा मार्ग काही शाळा काढतात. परवानगी, पालकांची संमती आणि रस्ता ओलांडताना सोबत दोन मोठी माणसं एवढं सांभाळावं लागतं.

वर्षातून किती वेळा तपासायचं?

दोनदा. जूनमध्ये नको. मुलं नवी, पाऊस सुरू आणि पहिलीतली निम्मी अजून आईला शोधत असतात. पाऊस ओसरला की सप्टेंबरअखेरीस पहिली फेरी, फेब्रुवारीत दुसरी. ऑक्टोबरमध्ये ऊन्ह चढायच्या आत, सकाळचा तास घ्या.

साहित्य किती लागतं?

टेनिसचे डझनभर चेंडू, चार-पाच प्लास्टिकचे, फक्की, दोऱ्या, एक शिट्टी. हे सगळं रविवार पेठेत एका फेरीत मिळतं.

खेलो इंडियाची चाचणी आम्ही घेतोच. ती पुरत नाही का?

ती केंद्र सरकारची तंदुरुस्ती मोजणारी चाचणी, वेगळ्या कामाची आहे. पाच ते आठ वर्षांच्या गटात तिच्यात तीन गोष्टी आहेत: उंची-वजनावरून बीएमआय, फ्लेमिंगो म्हणजे एका पायावर साठ सेकंद तोल, आणि प्लेट टॅपिंग. फ्लेमिंगोत साठ सेकंदांत तोल किती वेळा गेला ते मोजतात. प्लेट टॅपिंगमध्ये हात दोन चकत्यांवर आलटूनपालटून पंचवीस फेऱ्या करतो, त्याला लागलेला वेळ मोजतात. नऊ वर्षांपासून पुढे ५० मीटर धाव, ६०० मीटर, पुढे वाकणं, पाठीवर पडून खांदे उचलण्याचा पोटाचा व्यायाम, पुश-अप्स येतात.

यात चेंडू कुठेच नाही. झेल, फेक, लाथ, टप्पा यांबद्दल ही चाचणी काहीच सांगत नाही, आणि आपली मुलं अडतात ती नेमकी तिथे. दोन्ही करा. शासनाला द्यायची माहिती ॲपवर जाऊ द्या, शिकवायला लागणारी माहिती वहीत ठेवा.

परदेशी प्रमाणित चाचण्या आहेत म्हणतात. त्या घ्याव्यात का?

तीन नावं कानावर येतील. टीजीएमडी (टेस्ट ऑफ ग्रॉस मोटर डेव्हलपमेंट) ही अमेरिकेत डेल उलरिक यांनी बनवलेली, तीन ते दहा वर्षांच्या मुलांसाठी. तिच्या तिसऱ्या आवृत्तीत १३ कौशल्यं आहेत, सहा जागा बदलण्याची आणि सात चेंडूची. प्रत्येक खुणेला शून्य किंवा एक गुण, दोन प्रयत्न, एकूण १०० गुण. ‘कसं करतं’ ते बघणारी ही चाचणी. वर सांगितलेल्या बऱ्याचशा खुणा, चेंडूचे आकार आणि अंतरं त्याच परंपरेतली आहेत.

केटीके ही मुलांच्या शरीराचा समन्वय मोजणारी चाचणी जर्मनीतून १९७४ मध्ये आली. मागे चालत तोल, एका पायावर अडथळा ओलांडणं, १५ सेकंद बाजूला उड्या आणि २० सेकंदांत दोन फळ्यांवरून बाजूला सरकत जाणं, अशा चार कृती आहेत. सगळी मोजणी आकड्यांची, चेंडू अजिबात नाही. तिसरी एमएबीसी (मूव्हमेंट असेसमेंट बॅटरी फॉर चिल्ड्रन). ती हालचालींत अडचण असलेली मुलं ओळखण्यासाठी आहे; तिची दुसरी आवृत्ती तीन ते सोळा वर्षांसाठी होती. ती फिजिओथेरपिस्ट किंवा ऑक्युपेशनल थेरपिस्टच्या (रोजची कामं जमावीत म्हणून मदत करणाऱ्या तज्ज्ञाच्या) हातात शोभते.

शाळेने संच विकत घेण्याची घाई करू नये. एका मुलाला पूर्ण चाचणी द्यायला पंधरा-वीस मिनिटं सहज जातात, म्हणजे एका वर्गालाच पंधरवडा गेला. शिवाय तुलनेसाठी दिलेले तक्ते तिकडच्या मुलांवरून काढलेले आहेत. बेसबॉल बघत वाढलेल्या मुलांच्या सरासरीवर कात्रजच्या मुलीला ‘सरासरीपेक्षा कमी’ ठरवणं मला पटत नाही. त्यातल्या खुणा घ्याव्यात, क्रमवारी सोडून द्यावी.

लंगडी, लगोरी खेळवूनच मूल्यमापन केलं तर?

फार चांगलं, पण डोळे उघडे ठेवून. लंगडी ही आपल्याकडे असलेली सगळ्यात स्वस्त कारक चाचणी आहे. चौकोन आखा, एकाने लंगडी घालत पकडायचं, बस्स. तोल, पायाची ताकद, दिशा बदलणं सगळं समोर येतं. दोन्ही पाय आलटूनपालटून बघा, कारण एका पायावर वीस लंगड्या घालणारं मूल दुसऱ्यावर तीनमध्ये टेकतं आणि खेळात ते लपून जातं. आणखी एक बारकावा: परदेशी निकषांत मोकळा पाय लोलकासारखा पुढेमागे झुलायला हवा असतो. आपल्याकडे लंगडी शिकलेलं मूल तो पाय मागे घट्ट दुमडून धरतं, तशीच रीत आहे. त्याबद्दल त्याचा गुण कापू नका.

लगोरीत अडचण निराळी. फेकायला तीच दोन-तीन तरबेज मुलं पुढे सरसावतात आणि बाकीची नुसती पळतात. तुम्हाला वाटतं वर्गाला फेकता येतं. कुठल्याही सांघिक खेळात चेंडू चांगल्यांकडेच जातो, म्हणून खेळातून मूल्यमापन करायचं तर नियम वाकवायचा: लगोरीत प्रत्येकाची पाळी सक्तीची, दोन संघांऐवजी पाच-पाचांचे छोटे गट. ठिकरीच्या, म्हणजे जमिनीवर आखलेल्या घरांतून एका पायावरची उडी आणि वाकून तोल दिसतो. तळ्यात-मळ्यातमधून दोन पायांची उडी. खो-खोतून वळणं आणि थांबणं दिसतं, पण पहिलीला बसून-उठून खो द्यायचा नियमच डोक्यात राहत नाही. ज्या गावात खो-खोचे नियम लिहिले गेले तिथे हे म्हणायला थोडी भीती वाटते, पण तो तिसरीपासून घ्यावा.

गुण द्यायचे की श्रेणी?

सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनात कला, कार्यानुभव आणि शारीरिक शिक्षणाला संकलित, म्हणजे सत्राअखेरची परीक्षा नाही, सगळं आकारिक, म्हणजे शिकवता शिकवता बघायचं. निरीक्षण आणि प्रात्यक्षिक ही दोन साधनं तुमच्या हातात आहेतच. प्रगतिपुस्तकात अ-१, अ-२, ब-१ लिहावंच लागतं, ते लिहा. मात्र पहिल्या फेरीतून दुसऱ्या फेरीपर्यंत मूल किती सरकलं त्याला वजन द्या. वर्गात पहिला कोण हे सांगण्यासाठी ही श्रेणी नाही.

वर्णनात्मक नोंदी काय लिहू? नेटवर तयार यादी मिळते.

मिळते, आणि म्हणूनच चाळीस प्रगतिपुस्तकांत ‘खेळात उत्साहाने भाग घेतो’, ‘शिस्तीचे पालन करतो’ हीच दोन वाक्यं दिसतात. एका शाळेत तर पाय प्लॅस्टरमध्ये असलेल्या मुलाच्या नावापुढे ‘धावण्यात विशेष रुची’ असं वाचलं आहे. पालकांना त्यातून काही कळत नाही आणि पुढच्या वर्गाच्या बाईंनाही नाही.

दोन रकान्यांचा तो कागद समोर असेल तर वाक्य आपोआप सुचतं. ‘चेंडू फेकताना विरुद्ध पाय पुढे टाकते, अंग वळवण्याचा सराव चालू.’ ‘मोठा चेंडू हातांत झेलतो, लहान चेंडू अजून छातीशी धरतो.’ ‘उजव्या पायावर सलग दहा लंगड्या, डाव्यावर तीन.’ एका मुलाला दोन वाक्यं पुरे. येतं ते आधी, राहिलं ते नंतर. ‘अशक्त’, ‘मंद’, ‘आळशी’ हे शब्द नोंदवहीत येता कामा नयेत.

दोन शिक्षकांच्या खुणा जुळत नाहीत. कुणाच्या खऱ्या?

कदाचित कुणाच्याच नाहीत. वर्षाच्या सुरुवातीला दोघांनी मिळून दहा मुलं एकदम बघा, न बोलता खुणा करा आणि मग कागद शेजारी ठेवा. वाद बहुधा ‘अंग वळतं’ यावर होतो. कितपत वळलं म्हणजे वळलं? तिथे दोघांत ठरवून टाका: फेकण्याआधी मोकळा खांदा भिंतीकडे आला तर वळलं. एकदा असं ठरलं की पुढे फारसं भांडण राहत नाही. जवळ शारीरिक शिक्षण महाविद्यालय असेल तर तिथले विद्यार्थी दुसरा डोळा म्हणून बोलवता येतात. पुण्यात गुलटेकडीला महाराष्ट्रीय मंडळाचं आगाशे महाविद्यालय आहे. तिथल्या मुलांनाही सरावासाठी खरे वर्ग लागतात.

मोबाइलवर व्हिडिओ काढून नंतर बघितलं तर चालेल?

पालकांची लेखी संमती असेल तर. फोन शाळेचा, क्लिप वर्गाच्या व्हॉट्सॲप गटावर टाकायची नाही, खुणा करून झाल्या की पुसून टाकायची. संथ गतीत पाय स्पष्ट दिसतो हे खरं, पण चाळीस मुलांचे व्हिडिओ रात्री घरी कोण बघणार हेही आधी ठरवा.

मुलींसाठी निकष वेगळे ठेवायचे का?

खुणा त्याच. फेकण्यात, पायाने मारण्यात मुलगे सरासरीने पुढे दिसतात हे बऱ्याच देशांत आढळलं आहे. टीजीएमडीच्या दुसऱ्या आवृत्तीत तर चेंडूच्या कौशल्यांचे तक्तेच मुलगे-मुलींचे वेगळे होते. पण या वयात दोघांच्या शरीरात तेवढा फरक नसतो. घरात बॅट-बॉल कुणाच्या वाढदिवसाला येतो ते आठवा. मुलींचा निकष खाली आणू नका, त्यांच्या हातात चेंडू जास्त वेळ द्या.

डावखुऱ्या मुलांचं?

खुणा उलट वाचा. आणि दाखवताना एकदा डाव्या हाताने दाखवा.

मी वर्गशिक्षिका आहे, मला स्वतःला पीटी येत नाही.

कायद्याने कला, कार्यानुभव आणि शारीरिक शिक्षणासाठी अंशकालीन निदेशक सांगितले आहेत ते सहावी ते आठवीला, तेही पट शंभराच्या वर असेल तर. पहिली ते पाचवीचा भार तुमच्यावरच पडतो, हे व्यवस्थेतच आहे. मात्र यासाठी मैदान गाजवलेलं असावं लागत नाही. अक्षराची वळणं बघायची सवय तुम्हाला आहेच, तीच नजर पायाकडे वळवा. साडीत लांब उडी दाखवायची वेळ आली तर वर्गातल्याच एखाद्या मुलीला पुढे बोलवा.

आमचा मुलगा सतत धडपडतो, चेंडू लागतो, बुटाची नाडी बांधता येत नाही. डॉक्टरला दाखवू का?

सगळ्यात आधी डोळे तपासून घ्या. चष्मा लागलेला कळत नाही आणि दोष झेलाला लागतो.

नजर चांगली असेल, सरावाची संधी मिळाली असेल, आणि तरीही खेळ, कपडे घालणं, जेवण, लिहिणं अशा अनेक कामांत तो बरोबरीच्या मुलांपेक्षा उघड मागे असेल, तर दाखवा. डेव्हलपमेंटल कोऑर्डिनेशन डिसऑर्डर नावाची, हालचालींचा मेळ न बसण्याची अडचण शाळकरी वयात शंभरातल्या पाच-सहा मुलांत आढळते. बुद्धीशी तिचा संबंध नसतो, आणि ‘लक्ष देत नाही’ असा शिक्का तिच्यावर सहज बसतो. शाळेच्या तपासणीवरून निदान होत नाही, शिक्षकांनीही ते शब्द वापरू नयेत. बालरोगतज्ज्ञाकडे जा, पुढे ते ऑक्युपेशनल थेरपिस्टकडे पाठवतील. शासकीय आणि अनुदानित शाळांत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक येतं, ते विकासातले विलंबही बघतं. त्या दिवशी वर्गशिक्षिकेने आपला कागद डॉक्टरांपुढे ठेवावा, फार उपयोगी पडतो.

येत होतं ते *येईनासं* झालं असेल, म्हणजे आधी नीट धावणारं मूल आता पडतंय, जिने चढायला कंटाळतंय, जमिनीवरून उठताना मांडीवर हात टेकून उठतंय, तर थांबू नका. त्याच आठवड्यात डॉक्टर गाठा.

दिव्यांग मुलाला या तपासणीतून वगळायचं का?

नाही. खूण बदला. व्हीलचेअरवरच्या मुलीच्या फेकण्यात पाय बघता येणार नाही, पण खांदा वळणं आणि हात शेवटपर्यंत जाणं दिसतं. अंधुक दिसणाऱ्या मुलाला घुंगरू घातलेला चेंडू जमिनीवरून घरंगळत द्या. ऐकू न येणाऱ्याला शिट्टीऐवजी रुमाल हलवा. तुलना त्याच मुलाच्या मागच्या नोंदीशी.

सहाव्या वर्षी क्रिकेट अकादमीत घालावं का?

घाला, पण एकाच खेळात बांधू नका. या वयात दोन-तीन वेगवेगळ्या प्रकारच्या हालचाली मिळाल्या तर बरं: एक चेंडूची, एक पाण्यातली किंवा मल्लखांबासारखी. आणि अकादमीत तासाभरात मुलाच्या हातात चेंडू किती वेळा येतो ते एकदा कठड्यावर बसून मोजा. फी भरायची की नाही ते त्यावर ठरवा.

घरी जागा नाही, वेळ नाही. पालकांनी काय करावं?

पायमोज्यांचा गोळा करून बेडवर उभ्या मुलाकडे दहा वेळा फेका. फुगा हवेत ठेवायचा खेळ छान, फुगा हळू येतो म्हणून झेलायला घाबरणाऱ्या मुलालाही जमतो. पार्किंगमधल्या फरशीच्या रेघांवर लंगडी. पाच ते सतरा वर्षांच्या मुलांना रोज सरासरी एक तास दमवणारी हालचाल हवी, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. तो तास सलग नसला तरी चालतो.

तपासून झालं. आता मागे असलेल्या मुलांना शिकवायचं कसं?

कागद उभा वाचा. ‘विरुद्ध पाय’ हा रकाना वर्गातल्या तीस जणांचा कोरा असेल तर तो एखाद्या मुलाचा प्रश्न नाही, पुढचे तीन आठवडे पूर्ण वर्गाला तेच शिकवा. जमिनीवर फक्कीने पावलाचा ठसा काढा आणि ‘त्या पावलावर पाय देऊन फेक’ एवढंच सांगा. ‘विरुद्ध पाय पुढे घे’ हे सहा वर्षांच्या मुलाला कळत नाही, ठसा कळतो. ठसा थोडा लांब काढला की पाऊल मोठं पडतं आणि अंग आपसूक वळायला लागतं.

पाच-सहाच जण मागे असतील तर त्यांना वेगळं काढून रांगेत उभं करू नका. गटांमध्ये वाटून टाका आणि त्यांचा चेंडू बदला: झेलणाऱ्याला मोठा, मऊ. अंतर अर्धं करा. जमलं की एक पाऊल मागे. एका तासाला एकच सूचना द्या. ‘हात पुढे, डोळे चेंडूवर, कोपर वाकव’ अशी तिन्ही वाक्यं एकदम ऐकली की मूल तिन्ही विसरतं. आणि मुलांच्या हातात चेंडू जास्त राहतील असं बघा, वीस जणांची एक रांग आणि एक चेंडू ही पीटीच्या तासाची सगळ्यात वाया गेलेली मांडणी आहे.

हे कागद पुढच्या वर्गाच्या शिक्षकांना द्यायचे का?

द्या. सगळी वही नको, वर्गाचं एक पान पुरे. ‘क्रमांक २३, झेल अजून छातीशी’ एवढ्यावर जूनमध्ये त्यांना काम सुरू करता येतं.